दाखला म्हाताऱ्याचा नको, घेणाऱ्याला जाब विचारा

शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या उसाच्या जमिनीला भाव आला तशी एक मागणी घराघरांत बोलली जाऊ लागली आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, खरेदीखत किंवा मृत्युपत्र केलं तर ‘मन ठिकाणावर आहे’ असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडणं सक्तीचं करावं आणि दाखला नसेल तर दस्त नोंदवूच नये. या मागणीची पुढची पायरी म्हणजे मुलांची लेखी संमती. कुरुंदवाडच्या घाटावर किंवा लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की बहुतेक जण होकार देतात. होकार देणारी माणसं वाईट नसतात. कुणाच्या चुलत्याचा अंगठा आजारपणात घेतलेला असतो, कुणाच्या आईच्या पेन्शनच्या खात्यावर दुसऱ्याच कुणाचा हात फिरत असतो. त्यांचा राग खरा आहे. तरीही ही मागणी घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. जो लुबाडतो त्याला ती हातही लावत नाही आणि ज्याला लुबाडलं जातं त्याच्यावरच पहिला संशय घेते.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो. ते म्हणतात, म्हातारपणी विसर पडतो, माणूस हळवा होतो, जो दोन वेळचं बघतो त्याच्या शब्दावर चालतो. डिमेन्शिया जडला तर सकाळी बोललेलं संध्याकाळी आठवत नाही. दुय्यम निबंधकासमोर माणूस जेमतेम काही मिनिटं बसतो, नाव विचारलं की सांगतो, अंगठा लावतो, फोटो निघतो आणि काम संपतं. तेवढ्यात कुणाला काय कळणार? पुढे दिवाणी दावा लावावा तर निकाल लागेपर्यंत लावणाराच राहत नाही. म्हणून दारातच अडवा. यातलं एकही वाक्य मी खोटं म्हणणार नाही. पण दारात अडवायचं कुणाला, हे ठरवताना ही मंडळी चुकतात.

मन ठिकाणावर असणं ही रक्तगटासारखी एकदा तपासून कागदावर लिहून ठेवायची गोष्ट नाही, हे आपल्या कायद्याने फार पूर्वी ओळखलं होतं. १८७२ च्या करार कायद्याचं बारावं कलम म्हणतं की करार करतेवेळी माणसाला तो समजत असेल आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा तारतम्याने विचार करता येत असेल तर त्याचं मन शाबूत आहे. ‘करतेवेळी’ हाच इथला कळीचा मुद्दा. त्याच कलमाखाली दोन उदाहरणं दिली आहेत. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण मधूनमधून भानावर येत असेल तर त्या भानाच्या काळात त्याला करार करता येतो. उलट, एरवी शहाणा असलेला माणूस तापात बरळत असेल तर तेवढा वेळ त्याला करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याची भाषा आज कानाला खटकते, पण त्यातला विचार आजच्या दाखलेवाल्यांपेक्षा पुढचा आहे. तो माणसाचं वय विचारत नाही, आजाराचं नावही विचारत नाही. या घटकेला, या व्यवहाराबद्दल, याला समजतंय का, एवढंच विचारतो.

१९२५ च्या वारसा कायद्याचं एकोणसाठावं कलम याहून बारकाईने बोलतं. एक माणूस आजूबाजूला काय चाललंय ते ओळखतो, रोजच्या प्रश्नांना उत्तरं देतो, पण आपली मालमत्ता काय आहे, आपली माणसं कोण आणि कुणाला काय द्यावं याची त्याला उमज नाही. त्याला मृत्युपत्र करता येणार नाही. दुसरा अंथरुणाला खिळलेला आहे, फार क्षीण झाला आहे, पण मिळकतीची विल्हेवाट कशी लावावी हे त्याला ठरवता येतं. त्याचं मृत्युपत्र चालतं. म्हणजे नाव-गाव नीट सांगणारा नापास होऊ शकतो आणि उठून बसता न येणारा पास. दाखला देणारा डॉक्टर या दोघांना पंधरा मिनिटांत कसा ओळखणार?

तपासणी होते कशी, तेही पाहू. विसराळूपणा तपासायला जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. ती तीस गुणांची आहे. आज तारीख किती, साल कोणतं, शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून पुन्हा सात, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. आता आपल्याकडची शाळा न पाहिलेली आजी डोळ्यांपुढे आणा. तिला इंग्रजी तारीख लागत नाही. पौर्णिमा कधी आणि वाडीला दर्शनाला कधी जायचं हे लागतं. मृग निघाला की नाही, आडसाली लागण किती महिन्यांची झाली, कारखान्याचं बिल आलं का, हे ती सांगते. तिला पाटी-पेन्सिल देऊन आकृती काढायला लावली तर ती हातच मागे घेईल. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत डिमेन्शियाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना १९९० च्या दशकात हाच अनुभव आला आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांसाठी ती प्रश्नावली बदलून घ्यावी लागली. बदललेली प्रश्नावलीसुद्धा आजाराचा अंदाज देण्यासाठी आहे. धाकट्या मुलीच्या नावावर दहा गुंठे करण्याचा निर्णय या बाईला समजतो का, याचं उत्तर तीत नसतं.

शिवाय म्हाताऱ्या माणसाचं भान सगळ्या वेळी सारखं नसतं. लघवीचा संसर्ग झाला, रक्तातलं सोडियम उतरलं, झोपेची नवी गोळी सुरू झाली की ऐंशीचा माणूस दोन दिवस पोटच्या पोरांना ओळखत नाही आणि उपचार झाला की आठवड्याने पहिल्यासारखा बोलू लागतो. डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची सकाळ बरी जाते आणि दिवस कलला की गोंधळ वाढतो. ज्याला ऐकू येत नाही तो प्रश्न न कळल्याने भलतंच उत्तर देतो आणि घरचे ‘बघा’ म्हणतात. याच्या उलटही घडतं. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणारा एक डिमेन्शिया असा आहे की सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी शाबूत राहते, बोलणं छान असतं, गुणही चांगले पडतात, पण तारतम्य सुटलेलं असतं. पैसा कसा उधळला जातोय ते फक्त बायकोला दिसतं. अशा माणसाला दाखला हमखास मिळेल. समजणाऱ्याला नापास आणि न समजणाऱ्याला पास करणारी चाळणी सक्तीची करून कोणाचं रक्षण होणार आहे?

रक्षण लुबाडणाऱ्याचंच होईल. हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. आजही आपल्या प्रत्येक दस्तात ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता’ हे वाक्य असतं. ज्याने सर्वांत जास्त दडपण आणलं त्याच्या दस्तात तर ते कधीच चुकत नाही, कारण मसुदा त्यानेच करून घेतलेला असतो. उद्या दाखला सक्तीचा झाला की तोही तोच आणेल. वडिलांना गाडीत घालून नेणारा तो, डॉक्टरांपुढे ‘बाबांचं डोकं एकदम चांगलं आहे’ म्हणणारा तो, फी देणाराही तोच. मग वंचित राहिलेली बहीण कोर्टात गेली की तिच्यासमोर शिक्क्याचा कागद येईल. ज्याच्या मनात कपट नाही, वडील सहज मनात येईल ते करतात, त्याच्याच घरी दाखला नसल्यामुळे दस्त अडकून पडेल.

दाखला कुणी मागितला, तपासणाऱ्याला कुणी बोलावलं आणि निकालाचा फायदा कुणाला झाला, हे प्रश्न विचारल्याशिवाय असल्या कागदाला किंमत देऊ नये, हे कोल्हापूरने एकदा फार जवळून पाहिलं आहे. १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसलेले छत्रपती चौथे शिवाजी महाराज वयात येत होते तेव्हाच त्यांना वेड लागल्याचं जाहीर झालं. कारभार दिवाण माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकारी यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो अशी बोलवा उठली, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी ती उचलून धरली, काही पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हा भाग शाळेत शिकवला जातो आणि गोष्ट तिथे संपते. पण महाराजांची गोष्ट संपली नव्हती. त्यांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात ठेवलं गेलं आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत, तिथेच त्यांचा अंत झाला. वय वीस.

बर्व्यांवरचा आरोप कोर्टात टिकला नाही आणि तो टिकला होता असं मी भासवणार नाही. महाराजांना खरोखर आजार असेलही. पण ज्या सरकारने त्यांना तपासवलं, त्याच सरकारचा त्यांच्यावर पहारा होता आणि ते अक्षम ठरल्यावर राज्य कुणी चालवायचं हेही तेच सरकार ठरवत होतं. कोल्हापूर-पुण्यातल्या लोकांचा त्या निदानावर विश्वास बसला नाही याचं मूळ इथे आहे. दोन्ही बाजू त्यांच्याविषयी बोलत राहिल्या आणि ज्याच्याबद्दल वाद चालला होता तो वीस वर्षांचा मुलगा किल्ल्याच्या भिंतीआड राहिला. संस्थानं गेली, पण ही मांडणी आपल्या घराघरांत शिल्लक आहे. म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणारा, त्याच्या वतीने उत्तरं देणारा आणि त्याच्या अक्षमतेने लाभणारा एकच असतो.

आता मुलांच्या संमतीविषयी. अनेकांना ही मागणी निरुपद्रवी वाटते, पण मला ती सर्वांत अन्यायाची वाटते. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, ही शंका कधी निघते ते आठवून पाहा. वडिलांनी सगळी जमीन दोन मुलांच्या नावे केली आणि मुलींकडून हक्कसोड लिहून घेतली तर गावात कुणी त्यांच्या मनाची तपासणी मागत नाही. रीतच ती, म्हणतात. त्याच वडिलांनी विधवा मुलीला अर्धा एकर दिला, धाकटीला वाड्याचा सोपा लिहून दिला किंवा सत्तराव्या वर्षी सोबतीसाठी पुन्हा लग्न करायचं ठरवलं की दुसऱ्या दिवशी ‘अण्णांचं काही खरं नाही’ हे सुरू होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे स्पष्ट केलं. त्या हक्काला उघड विरोध करायला जागा उरली नाही, तेव्हा देणाऱ्याच्या डोक्यावर शंका घेणं हा आडमार्ग सोयीचा झाला. संमतीची अट घातली की बापाने मुलीला काही द्यावं की नाही हे मुलगा ठरवणार. मग बाप जिवंतपणीच मिळकतीवरून उठला.

निर्णय चुकीचा वाटणं आणि निर्णय घेता न येणं या दोन गोष्टी आपण सारख्याच समजतो, हे मुळातलं दुखणं आहे. २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत होतं, गाव सोडा म्हणून सांगितलं जात होतं आणि नदीकाठची अनेक म्हातारी माणसं हलायला तयार नव्हती. २००५ ला पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्यापुढे येत नाही, हा त्यांचा हिशेब होता. गोठ्यात म्हैस होती, तिला सोडून जायचं नव्हतं. पाणी २००५ ची खूण ओलांडून वर गेलं. हिशेब चुकला. पण तो हिशेब होता. अनुभव, मोजमाप, जबाबदारी, सगळं त्यात होतं. त्यांना समजावायला हवं होतं, जनावरांची सोय आधी दाखवायला हवी होती, आणि घरात पाणी शिरल्यावर उचलून बोटीत घालणंही बरोबरच होतं. जीव वाचवण्यासाठी केलेली ती धावपळ होती. त्या हट्टावरून त्यांचं डोकं फिरलं असं ठरवणाऱ्यांनी मात्र त्यांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा मुद्दा सरळ लिहून ठेवला आहे. चौथं कलम सांगतं की एखाद्याचा उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, तरी तेवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी सांगायची आणि मगच ठरवायचं. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस ‘वेडसर मनाचा’ ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. इंग्लंड-वेल्सच्या २००५ च्या कायद्यातही हेच सूत्र आहे. प्रौढ माणूस सक्षम आहे असंच आधी धरायचं, त्याला समजावं म्हणून शक्य ती सगळी मदत करायची आणि निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून त्याला अक्षम म्हणायचं नाही. हे परदेशी फॅड म्हणून झटकून टाकता येणार नाही. आपल्या १८७२ च्या कलमात त्याचं बीज आहे.

शिक्क्यावर विसंबलं की काय होतं, हे म्हाताऱ्यांच्या आधी ज्यांनी भोगलं त्यांच्याकडेही पाहायला हवं. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारमान्य वसतिगृहातल्या मतिमंद म्हणून नोंद झालेल्या अकरा तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. त्यांना समजावून विचारलं पाहिजे, असं करणाऱ्यांच्या मनात आलं नाही, कारण नोंदवहीतल्या एका शब्दाने उत्तर आधीच दिलं होतं. २००९ साली चंदीगडच्या अशाच एका तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या त्या मुलीला मूल हवं होतं. न्यायालयाने तिची संमती नाही म्हणून गर्भपात होऊ दिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पित्याने सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताची परवानगी मागितली. तिचं मन स्थिर नाही, असं त्याचं म्हणणं. वैद्यकीय मंडळाने तपासलं. तिला मानसिक आजार नव्हता, बुद्धी सरासरीहून थोडी कमी होती. बुद्धी कमी म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही का, असं न्यायालयाने विचारलं. शिरूरपासून इथपर्यंत यायला तीस वर्षं लागली. तिथून मागे फिरून आता वृद्धांसाठी नवी नोंदवही उघडू नका.

विरोधकांकडे एक प्रश्न असा आहे की त्याला बगल देणं अप्रामाणिक ठरेल. ज्यांना खरोखरच कळत नाही त्यांचं काय? आई पाच वर्षं अंथरुणात आहे, मुलांनाही ओळखत नाही, औषधाला महिन्याला पैसे लागतात आणि तिच्या नावावरची ठेव बँक मोडू देत नाही. तिथे ‘तिची स्वायत्तता’ म्हणत बसणं हा क्रूरपणा आहे. आणि अशा घरांना आपल्या कायद्याने वाऱ्यावर सोडलं आहे, हे मी मान्य करतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून चौकशी करून मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची तरतूद होती. तो कायदा जाऊन २०१७ चा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला, पण त्याने क्षमतेचा विचार उपचारापुरताच केला. मिळकतीचं प्रकरण गळालं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालक नेमते, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. म्हातारपणी डिमेन्शिया झालेली आई त्यात बसत नाही.

घरचे मग मुखत्यारपत्राकडे वळतात आणि तिथे कायदा त्यांना सर्वांत वाईट फसवतो. करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की मुखत्यारपत्र संपतं. माणूस धडधाकट असताना ते चालतं आणि ज्या दिवसासाठी करून ठेवलं त्याच दिवशी ते रद्द होतं. परिणाम असा की सरळमार्गी माणसांना खोटं बोलावं लागतं. बँकेत ‘आई बरी आहे, फक्त चालता येत नाही’ म्हणायचं आणि वकिलाकडे ‘आईला काहीच कळत नाही’ म्हणायचं. शेवटी उच्च न्यायालय. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं, पण त्यासाठी तिला राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली रिट अर्ज करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे कुरुंदवाडच्या माणसाची मुंबईवारी वाचली, एवढंच. आईच्या औषधासाठी रिट करावी लागणं ही कोल्हापुरात झाली तरी लाजिरवाणीच गोष्ट आहे.

म्हणजे कायद्यात भगदाड आहे, पण ते दाखलेवाले बोट दाखवतात तिथे नाही. ज्याला समजतं त्याच्या वाटेत अडथळा उभा करून, ज्याला समजत नाही त्याच्या घरच्यांची सोय होत नाही. त्यासाठी वेगळा कायदा हवा. माणूस सक्षम असतानाच स्वतः निवडलेल्या व्यक्तीला पुढच्या काळासाठी अधिकार देऊ शकेल, तो अधिकार क्षमता गेल्यावरही टिकेल, त्याचा हिशेब दरवर्षी तालुक्याच्या न्यायालयात द्यावा लागेल आणि एका पोस्टकार्डावर तक्रार करता येईल, असा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने याची दिशा दाखवली आहे. पालकत्व द्यायचं तर मर्यादित, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं. मदत करणाऱ्याचं हित आणि दिव्यांगाचं हित एखाद्या व्यवहारात आडवं येत असेल तर त्या व्यवहारातून मदतनिसाने बाजूला व्हायचं, असंही तेराव्या कलमात आहे. शरीर थकलेल्यासाठी ही सोय आपण केव्हाच केली. सही करता येत नाही अशा आजारी खातेदाराला हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढता येतात. ठसा ओळखायला दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हात चालत नाही म्हणून बँकेने त्याला खात्यावरून उठवलं नाही, त्याच्या बाजूला साक्षीदार उभे केले. स्मरणशक्ती थकलेल्यालाही तसेच साक्षीदार द्या.

आणि लुबाडणुकीचं उत्तर? तेही कायद्यात आहे, फक्त ते कुणी वापरत नाही. करार कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की वय, आजार किंवा मनाचा-शरीराचा त्रास यांमुळे ज्याची मानसिक क्षमता तात्पुरती किंवा कायमची उणावली आहे अशा माणसाशी जो करार करतो, तो त्याच्या इच्छेवर हुकमत चालवण्याच्या स्थितीत आहे असं मानायचं. व्यवहार तोंडावरच अन्यायाचा दिसत असेल तर दडपण आणलं नव्हतं हे त्या घेणाऱ्याने सिद्ध करायचं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्रांबाबत हेच सांगितलं. ज्याला मोठा लाभ झाला त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर तो संशय त्यानेच दूर केला पाहिजे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमाने आणखी एक दार उघडलं. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत घेतली आणि सांभाळलं नाही, तर तो दस्त न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो. माझं बक्षीसपत्र करणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे की ती अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मुलगा रागावला तरी लिहून घ्या.

या सगळ्या कलमांचा रोख घेणाऱ्याकडे आहे. नोंदणी कार्यालयातही तो तिकडेच हवा. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे लिहून देणारा वेडसर दिसला तर दस्त नाकारण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला आजही आहे. अंथरुणावरच्या माणसासाठी गृहभेटीची सोयही आहे. कमी आहे ते संभाषण. लाभ घेणारा आणि त्याचे साक्षीदार बाहेर, आत फक्त लिहून देणारा आणि अधिकारी. ऐकायचं यंत्र कानात, चष्मा डोळ्यावर, वेळ सकाळची. या कागदात काय लिहिलंय, ते कुणाला देताय, ते का, हे दिल्यावर तुमच्याकडे काय उरतं, यावर घरात कोण नाराज होईल, हे त्याच्याच बोलीत विचारायचं आणि तो बोलेल तसंच चित्रमुद्रण करून दस्तासोबत जपायचं. उत्तरं नीट आली नाहीत तर आठ दिवसांनी पुन्हा बोलवायचं. तेव्हाही शंका राहिली तर मग डॉक्टर, तोही सरकारने नेमलेला, आणि त्याच्यापुढे हाच दस्त ठेवून हेच प्रश्न. हे सगळ्या वयांच्या माणसांना लागू करा. तिशीतल्या सुनेकडूनही दडपणाखाली सह्या घेतल्या जातात.

याला संसदेची वाट पाहायची गरज नाही. नोंदणी कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली नोंदणी महानिरीक्षकांना राज्य सरकारच्या मंजुरीने असे नियम करता येतात. ते होईपर्यंतही एक गोष्ट करता येईल. वडिलांना घेऊन शिरोळला दस्त करायला निघालेल्या मुलाने आपण होऊन म्हणावं की मी बाहेर बाकावर बसतो, तुम्ही त्यांच्याशी एकट्याने बोला. जो असं बसायला तयार होणार नाही, त्याचा दस्त साहेबांनी त्या दिवशी घेऊ नये.